विमानाच्या चाकाखालचं लिंबू

माझी आई मला मेकॅनिक समजते. पूर्वी हे कुणाला सांगताना जीभ अडखळायची, आता अडखळत नाही. कसला मेकॅनिक, ते तिने पक्कं ठरवलेलं नाही. कधी घड्याळाचा, कधी रेडिओचा, एकदा शिलाई मशीनचा. पण मेकॅनिक हे नक्की, आणि तो दुपारी येतो. मुलगा वेगळा. मुलगा ऑफिसला गेलेला असतो आणि संध्याकाळी घरी येतो.

हा घोळ एका विमानामुळे झाला. आमचं ऑफिस आवरतं घेत होते. ज्यांना मुदतीआधी निवृत्त व्हायचंय त्यांनी सांगा, असं वरून आलं आणि मी लगेच हो म्हणून मोकळा झालो. लोक म्हणाले, मजा आहे बुवा तुझी. मजा कसली डोंबलाची. बायको शाळेत शिकवते, तिची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे, आणि आईला घरात एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. दोनदा ती दार उघडून निघून गेली होती. दुसऱ्या वेळी केबिन रोडवरच्या एका कापडवाल्याने तिला हाताला धरून नवघरला आमच्या घरापर्यंत आणून सोडलं. "आंटी दुकान में आके बैठ गयी," तो म्हणाला, "बोली, लालबाग का स्टॉप आया तो बताना." लालबाग सोडून भाईंदरला आलो तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आई अजून त्या स्टॉपची वाट बघत होती. तेव्हा दाराशी कुणीतरी बसायला हवं होतं, तो मी बसलो.

निरोप समारंभाला शाल आणि नारळ मिळाला, आणि खात्यातल्या पोरांनी वर्गणी काढून एक खोकं दिलं. मिग-२१, खऱ्याच्या बहात्तर पट लहान, आपलं आपण जोडायचं आणि रंगवायचं. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्या विमानाचं एक पिवळं पडलेलं कात्रण कायम असायचं, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. घरी येऊन मी खोकं कपाटावर टाकलं. ते खाली उतरलं यंदाच्या पावसाळ्यात, ती विमानं आता हवाई दलातून निवृत्त होणार अशी बातमी आली तेव्हा. म्हटलं, दोघेही निवृत्त, बसू समोरासमोर.

खोक्यात करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना विमानाचे भाग लटकलेले होते, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. एकेक भाग नेलकटरने कापायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, चिमट्यात धरून गोंद लावायचा आणि सुकेपर्यंत दाबून बसायचं. बसणं मला तसंही भागच होतं. जेवणाचं टेबल मी असं फिरवून घेतलं की मान वर केली की आई दिसावी आणि तिच्या मागे दाराची कडी दिसावी.

पहिले दोन-तीन दिवस ती नुसती बघत राहिली. मग उठून जवळ आली, पदर सारखा केला आणि विचारलं, "काय बिघडलंय?"

"काही नाही गं, जोडतोय."

"होईल ना नीट?"

"होईल."

"मग लवकर आटपा. माझा मुलगा संध्याकाळी येतो. त्याला घरात पसारा चालत नाही."

पसारा मला चालत नाही हे खरं आहे. मी म्हणालो, "आई, अगं मीच तुझा मुलगा." ती हसली. कामाला आलेल्या माणसाने थट्टा केली तर बाईमाणूस हसतं तेवढंच, बेताचं. मग आत जाऊन तिने माझ्यासाठी पाण्याचा पेला आणला, ताटलीत ठेवून. मला कधी तिने ताटलीत पेला ठेवून पाणी दिलं नव्हतं. तो पेला हातात घेतला आणि मी वाद सोडून दिला.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. मुलगा म्हणून गोळी पुढे केली की ती थुंकून टाकायची. अंघोळीला चल म्हटलं की पलंगाचा खूर धरून बसायची, शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या तिने आयुष्यभर कुठे साठवून ठेवल्या होत्या देव जाणे. मेकॅनिकने मात्र "आजी, एवढी गोळी घ्या, मग मी कामाला लागतो," म्हटलं की ती निमूट घ्यायची. परक्या माणसाचा खोळंबा करू नये, हे तिचं वळण अजून शाबूत होतं. बाकी सगळं गेलं तरी ते राहिलं होतं.

पण दिवसाला फक्त दुपारच नसते. पहाटे बिछाना बदलायचा, दुपारचं भरवायचं, संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा" सुरू व्हायचं ते जेवणापर्यंत. आईला उचलताना बायकोच्या कमरेत एकदा चमक भरली ती भरलीच. पट्टा बांधून ती शाळेत उभी राहायची. माझी धाकटी बहीण नाशिकला असते. तिचा फोन यायचा, "दादा, तुम्ही दोघं आधी आडवे व्हाल. उत्तनजवळ डोंगरीला चर्चच्या सिस्टर लोकांचं घर आहे ना म्हाताऱ्यांसाठी, ते बघून तर ये." बघून ये म्हणजे ठेवून ये, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ती फोनवर रडायची, मी तिच्यावर चिडायचो, आणि दोघंही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलायचो.

शेवटी एका शनिवारी बायकोला घरी बसवून मी बसने डोंगरीला गेलो. बैठं कौलारू घर, माडांची सावली, ओटीवर खुर्च्या मांडलेल्या. स्वच्छ होतं. नावं ठेवायला जागा मिळाली असती तर बरं झालं असतं, पण मिळाली नाही. दिवाळीनंतर एक खाट मोकळी होईल असं कळलं. परत येताना उत्तनला जाळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून मी मूठभर शिशाच्या गोळ्या घेतल्या. या विमानाच्या नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं आणि पुढचं चाक अधांतरी राहतं. आईला कुठे ठेवायचं ते बघायला गेलो आणि येताना विमानासाठी शिसं घेऊन आलो. त्या दिवशी माझं डोकं एवढंच चालत होतं.

आईसमोर आम्ही डोंगरीचा विषय काढत नव्हतो. स्वयंपाकघरात नळ सोडून बोलायचो. तरी तिला कुठून कसा सुगावा लागला कुणास ठाऊक. दोन दिवसांनी मी नाकात शिसं भरत होतो, ती खुर्ची ओढून समोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मला कुठेतरी ठेवणार आहेत."

माझा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"घरात बोलतात. मला ऐकू येतं."

मुलगा म्हणून मला तिला काही विचारायची हिंमत झाली नव्हती. मेकॅनिक म्हणून झाली. "तुम्हाला जायचंय का आजी?"

"आपणहून घर कोण सोडतं हो?"

"मग मुलाला सांगा तसं."

"सांगणार आहे ना. पण तो संध्याकाळी येतो, आणि तोपर्यंत मी विसरते." ती कपाळाला हात लावून हसली. "तुम्ही आठवण करून द्याल?"

देईन, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

ऊन उतरत होतं, मला बारीक दिसेना, म्हणून चष्मा काढून तो भाग मी डोळ्यांजवळ नेला. ती बघत होती. म्हणाली, "तुम्हालाही जवळचं असं बघावं लागतं? माझ्या मुलाचंही तसंच. त्याचा चष्मा मी मागून घेतलेला आहे."

"मागून?"

"गणपतीकडून." मग तिने मला जे सांगितलं ते आमच्या घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाला विमानाचं वेड होतं. आवाज आला की जेवण टाकून चाळीच्या गच्चीत धावायचा. लढाऊ विमान चालवणार म्हणायचा, सगळ्यांना सांगत फिरायचा. "मला झोप लागायची नाही. एकदा वर गेलं पोर की आपल्या हातात काय राहतं? तर मी नवस केला, याचे डोळे जरासे अधू होऊ देत. फार नकोत. बोर्डावरचं दिसू दे, वरचं दिसायला नको."

"मग?"

"सातवीत लागला चष्मा. देव ऐकतो हो. मी नारळांचं तोरण वाहिलं."

ते तोरण मला लख्ख आठवतं. आठवडाभर घरात नारळाच्या वड्या होत्या. मला चष्मा लागला, आता वैमानिक होता येणार नाही म्हणून मी रडत होतो आणि आई वड्या भरवत होती. मला वाटायचं, माझी समजूत काढायला करतेय. त्या नवस फेडल्याच्या वड्या होत्या, आणि मी त्या चवीने खाल्ल्या.

राग यायला हवा होता. पण दमलेल्या माणसाला इतका जुना राग उचलवत नाही. मी नाकाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर दाबून धरून बसलो. मनात एकच घोळत राहिलं, की हिने मला घरात ठेवायला देवाकडे चष्मा मागितला होता, आणि मी हिला घराबाहेर ठेवायला खाट बघून आलो होतो. संध्याकाळी बायकोला मी नवसाची गोष्ट सांगितली. तिला हसू आलं, मलाही आलं. डोंगरीबद्दल आई काय म्हणाली ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

रंगकाम लांबलं. आधी करडा हात, मग चंदेरी. चंदेरी रंग लबाड असतो, खालचा एकेक ओरखडा वर दाखवतो. मी घासून काढायचो, पुन्हा रंगवायचो. टीव्हीवर खऱ्या विमानांचा निरोप दाखवला, त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडवले, बँड वाजला. आई म्हणाली, "लग्न आहे वाटतं." नाकाचा शेंडा हिरवा झाला. पंखांवर केशरी-पांढरा-हिरवा गोल बसला, तो पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायचा असतो, त्यात माझा एक अख्खा दिवस गेला. शेवटी उरलं होतं वार्निश. ते दसऱ्याच्या सकाळी मारलं आणि विमान टेबलावर चाकांवर उभं करून सुकायला ठेवलं.

झेंडूची फुलं आणायला मी केबिन रोडला गेलो. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, दुकानादुकानांत पूजा चालल्या होत्या, रिक्षा हारांनी मढलेल्या. बायको आत पुऱ्या तळत होती. मी परत आलो तेव्हा आई टेबलापाशी उभी होती, आणि तिच्या हातात हळदी-कुंकवाची कोयरी होती.

तिने विमानाची पूजा केली होती. ओल्या वार्निशवर, बरोबर नाकाच्या हिरव्या शेंड्यामागे, हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट उठलं होतं. पाठीवर अक्षता चिकटल्या होत्या. देवापुढचं जास्वंदीचं फूल तिथून उचलून वैमानिकाच्या काचेवर वाहिलेलं. आणि नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं तिने चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. लिंबू विमानाच्या एका पंखाएवढं. ते सरकवताना चाकाची दांडी मोडली होती आणि विमान एका पंखावर कलंडलं होतं.

"नवीन घेतलंय ना," ती आनंदाने म्हणाली. "पूजा केल्याशिवाय बाहेर काढायचं नसतं. आता लिंबावरून जाऊ दे."

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फक्त विमानासाठी ओरडलो असतो तर बायको आतून धावत आली नसती. पहाटेचे बिछाने, पलंगाचा धरलेला खूर, बहिणीचे फोन, सगळं त्यात होतं. आई दोन पावलं मागे सरली. कोयरी तिने छातीशी धरली होती. मग ती ताठ झाली आणि म्हणाली, "माझ्या घरात येऊन माझ्यावर आवाज चढवता? थांबा, मुलगा येऊ दे संध्याकाळी. त्याला सांगते. तो कुणाला माझ्याशी असं बोलू देत नाही."

बायकोने तिला आत नेलं. मी टेबलापाशी बसून राहिलो. तिचा मुलगा तिच्यासाठी भांडेल, याची तिला इतकी खात्री होती.

संध्याकाळी मला काय सुचलं कुणास ठाऊक. कपाटातून ऑफिसचा शर्ट काढला, पँटमध्ये खोचला, जुनी बॅग खांद्याला लावली. जिना उतरून खाली गेलो, पुन्हा वर आलो आणि बेल वाजवली. म्हटलं, मुलगा येऊ दे एकदा. येऊन तिची तक्रार ऐकू दे, आणि तिला कुठेही जायचं नाहीये तेही ऐकू दे. आईनेच दार उघडलं. तिने मला खालून वर नीट पाहिलं. मी आपट्याची पानं पुढे केली.

"या मेकॅनिक," ती म्हणाली. "चुकलं वाटलं म्हणून परत आलात ना? बसा. सणाच्या दिवशी मनात ठेवू नये." आणि आत वळून बायकोला म्हणाली, "यांना श्रीखंड दे गं थोडं."

मी बसलो आणि श्रीखंड खाल्लं. ती माझ्या पलीकडून दाराकडे बघत होती, मुलगा अजून आला नाही म्हणून. त्या दिवशी मला कळलं की त्या दारातून तो आता येणार नव्हता, मी कुठलाही शर्ट घातला तरी. तिच्याकडे जे काही माझं उरलं होतं ते दुपारपुरतं होतं.

दिवाळीनंतर आम्ही तिला डोंगरीला नेलं. कोणी म्हणेल, एवढं सगळं कळून नेलंस. हो, नेलं. बायकोला खाली वाकून चप्पल घालता येत नव्हती, आणि भाऊबीजेच्या दिवशी जिन्यात मला भोवळ येऊन मी कठडा धरून खाली बसलो होतो. कळतं म्हणून अंगात बळ येत नाही. टॅक्सीत आई माझ्या शेजारी शांत बसली होती. खाडीकडचा वारा लागल्यावर एकदाच म्हणाली, "मुलगा नाही आला?"

"त्याला काम आहे," मी म्हणालो.

"तुम्ही आलात, बरं झालं."

पहिले काही दिवस भेटायला येऊ नका, तिला रुळू द्या, असं तिथे सांगितलं होतं. त्यानंतरच्या रविवारी मी विमान एका बुटाच्या खोक्यात घातलं, गोंद आणि चिमटा घेतला आणि बसने गेलो. कुंकवाचं बोट मी घासून काढलं नव्हतं, ते वार्निशमध्ये सुकून पक्कं झालं होतं. मोडलेली दांडीही तशीच होती. जोडायला फार वेळ लागला नसता, पण घरी हात लावावासा वाटला नव्हता.

आई ओटीवर बसली होती. तिथलं सगळं बघणारी गावातलीच एक बाई आहे, ती म्हणाली, "जेवते हाय बरी. पण दुपारची झोपत न्हाय. कोण तरी येनार हाय म्हनते." आईने मला पाहिलं, माझ्या हातातलं खोकं पाहिलं आणि शेजारची खुर्ची हाताने पुसली.

"इथला पत्ता मिळाला तुम्हाला?"

"मिळाला."

"बसा. ते चाक राहिलंय ना अजून."

मी खोकं मांडीवर घेतलं, दांडीला गोंद लावला आणि चाक धरून बसलो. ती बारकाईने बघत होती. मागे कुणाच्या तरी अंगणात बोंबील वाळत घातले होते, त्याचा वास येत होता.

"माझा मुलगा बरा आहे ना?" तिने विचारलं.

"बरा आहे. दमलाय थोडा."

"दमणारच. घरात दुखणाईत माणूस असलं की होतं असं."

"कोण दुखणाईत आहे?"

"त्याची आई आहे ना," ती म्हणाली. "फार त्रास देते त्याला. तुम्ही भेटलात तर सांगा, जरा झोप काढ म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो. मी चाकाकडे बघत राहिलो. ते केव्हाच घट्ट बसलं होतं. विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं असतं.

"झालं काम?" आईने विचारलं.

"नाही. दुसऱ्या बाजूचंही ढिलं आहे. पुढच्या रविवारी यावं लागेल."

"या की," ती म्हणाली. "पण दुपारीच या. संध्याकाळी माझा मुलगा येतो."